गल्लीतली मांजरं वाढलीत? पोतं नको, पिंजरा आणा: सांगलीकरांसाठी मार्गदर्शक

गल्लीत मांजरं वाढली की आपल्या सांगलीत दोन उपाय ठरलेले. दारात निळीच्या पाण्याच्या बाटल्या टांगायच्या, नाहीतर मांजर पोत्यात घालून आयर्विन पूल ओलांडायचा आणि सांगलवाडीला सोडून यायचं. बाटल्यांनी काहीही होत नाही. मांजर त्याच बाटलीला अंग घासून पुढे जातं.

पोत्याने मात्र नुकसान होतं. सोडलेल्या मांजरातलं एखादं वास काढत परत येतं. बाकीची अनोळखी जागी कुत्र्यांच्या नाहीतर गाड्यांच्या तावडीत सापडतात. इकडे गल्लीत जागा रिकामी झाली, तरी मटणाच्या दुकानामागचं खरकटं आणि जुन्या वाड्याचा माळा तिथेच असतो. मग शेजारच्या गल्लीतली मांजरं येऊन तिथे बस्तान मांडतात आणि पुढच्या उन्हाळ्यात गल्ली पुन्हा पहिल्यासारखी भरते. शिवाय प्राण्याला उपाशी मरायची वेळ येईल अशा ठिकाणी टाकून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे.

उपयोगी पडतो तो उपाय साधा आहे: पकडा, नसबंदी करा, लस द्या, त्याच जागी परत सोडा. आमच्या खणभागातल्या गल्लीत हे काम केलं तेव्हा कोणाला विचारावं हेच कळत नव्हतं. तुमची ती धावपळ वाचावी म्हणून क्रमाने लिहितो.

१. मुहूर्त: दिवाळी ते संक्रांत

दिवस मोठे व्हायला लागले की मांजरी माजावर येतात आणि मार्च-एप्रिलपासून पिल्लांचा मोसम सुरू होतो. गर्भ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. एका वेळी तीन ते पाच पिल्लं, वर्षातून दोन-तीन वेळा. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की स्वतःच गाभण राहू शकते, म्हणजे उन्हाळ्यात जन्मलेली पोर दिवाळीला आई होते. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा माजावर येऊ शकते.

म्हणून फटाके थांबले की कामाला लागा (फटाक्यांच्या दिवसांत मांजरं दिसतच नाहीत, मोजणी चुकते) आणि संक्रांतीपर्यंत गल्लीतल्या सगळ्या भाट्या (मादी मांजरं) उरकून टाका. आधी भाट्या, मग बोके. पैसे कमी असतील तरीही हाच क्रम. दहा बोक्यांची नसबंदी केली आणि अकरावा बाहेरून आला, तर पिल्लं तेवढीच होतात. भाटीचं ऑपरेशन झालं की तिची पिल्लावळ तिथेच थांबते.

२. मोजणी

एक वही घ्या. रोज एकाच वेळी, एकाच जागी खाणं ठेवलं की आठवड्याभरात सगळी हजेरी लागते. प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, कारण डावीकडून सारखी दिसणारी दोन मांजरं उजवीकडून वेगळी निघतात.

नर-मादी ओळखायला शेपटी उचलायची गरज नाही. काळा, पांढरा आणि भगवा असे तिन्ही रंग अंगावर असतील तर ती जवळपास नेहमी मादीच असते. संपूर्ण भगवं मांजर बहुतेक वेळा बोका. वयात आलेल्या, नसबंदी न झालेल्या बोक्याचे गाल फुगलेले आणि मान जाड असते. पोटाखालच्या आचळांभोवतीचे केस गेलेत आणि आचळं गुलाबी, ताणलेली दिसतात, तर ती पाजते आहे. तिच्या नावापुढे खूण करा, पुढे लागेल.

डाव्या कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं दिसलं तर बहुधा त्या मांजराची नसबंदी आधीच झाली आहे. त्याला पुन्हा पकडू नका.

३. खायला घालणारी व्यक्ती शोधा

हे काम या एका माणसावर उभं असतं. प्रत्येक गल्लीत एक काकू किंवा आजोबा असतात, जे संध्याकाळी पोळीचा कुस्करा, माशाची डोकी घेऊन बाहेर येतात. लोकांच्या शिव्या खाऊन खाऊन ते गुपचूप घालायला लागलेले असतात. पण कोणतं मांजर कधी येतं, कोण गाभण आहे, कोणाची पिल्लं कोणत्या माळ्यावर आहेत, ही माहिती फक्त त्यांच्याकडे असते. त्यांच्या हाकेवर मांजर येतं, तुमच्या हाकेवर नाही.

त्यांना खाणं बंद करायला सांगू नका. बंद केलंत तर मांजरं जात नाहीत, विखुरतात, आणि मग पकडता येत नाहीत. फक्त तीन गोष्टी ठरवून घ्या: जागा एकच, वेळ एकच, आणि अर्ध्या तासात ताटली उचलायची. रात्रभर पडलेल्या खाण्याने उंदीर-घुशी येतात आणि तक्रार मांजराच्या नावावर लागते. दुधाऐवजी पाणी ठेवायला सांगा. बहुतेक मोठ्या मांजरांना गाईचं दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि ते नेमके कोणाच्या तरी पायरीवर होतात.

४. गल्लीची बैठक

सोसायटी असेल तर सभेत विषय घ्या, नसेल तर कट्ट्यावर. आमच्याकडे झालं ते असं.

"काकू, तुम्ही घालता म्हणून ही येतात. माझ्या गाडीच्या सीटच्या चिंध्या झाल्यात बघा."

"अहो अण्णा, मी नाही घातलं तर तुमच्या किचनमध्ये शिरतील."

दोघांचंही खरं होतं. म्हणून एकच कागद केला. वर लिहिलं की गल्लीतल्या मांजरांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना इथेच ठेवण्यास आमची हरकत नाही. खाली पहिली सही अण्णांची घेतली, दुसरी काकूंची. तक्रार करणाऱ्याची सही सगळ्यात आधी घ्या. ती झाली की बाकीचे आपोआप करतात.

किराणा दुकानदार आणि गोदामवाल्यांकडे आवर्जून जा. गणपती पेठेत आणि मार्केट यार्डात धान्याची नाहीतर हळदीची पोती ज्यांच्याकडे आहेत, त्यांना मांजर हवंच असतं. फक्त दर तीन महिन्यांनी पोत्यामागे निघणारी पिल्लं नको असतात. वर्गणीची पावती तिथे लवकर फाटते.

कोणी विष घालायची भाषा केली तर शांतपणे सांगा: प्राण्याला मारणं, विष घालणं किंवा अपंग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एकदाच सांगा, भांडू नका.

५. डॉक्टर ठरवा

महापालिकेच्या आरोग्य विभागात अर्ज जरूर द्या आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. पण त्याच्या भरवशावर हंगाम घालवू नका, कारण नसबंदीचा सरकारी भर मुख्यतः भटक्या कुत्र्यांवर असतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि खासगी डॉक्टरांकडे स्वतः जाऊन विचारा. साताऱ्याकडच्या वाचकांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तिथेही चौकशी करा.

गाई-म्हशींचे उत्तम डॉक्टर मांजराच्या ऑपरेशनला तयार असतीलच असं नाही, आणि पाळीव मांजराची सवय असलेले डॉक्टर भटक्या मांजराला हात लावतीलच असंही नाही. म्हणून आधीच स्पष्ट विचारा:

- रानटी, हात न लावू देणारं मांजर पिंजऱ्यातूनच भूल देऊन कराल का?
- टाके आपोआप विरघळणारे घालाल का? टाके काढायला हे मांजर दुसऱ्यांदा सापडणार नाही.
- वेदनाशामक आणि जास्त दिवस टिकणारं अँटिबायोटिक इंजेक्शन त्याच वेळी द्याल का? घरी गोळी देणं शक्य नसतं.
- भुलीतच रेबीजची लस आणि डाव्या कानाच्या टोकाची खूण कराल का?
- पाजणारी किंवा गाभण निघाली तर काय करायचं?

कानाच्या खुणेला बरेच जण नाक मुरडतात. मांजर भुलीत असताना साधारण एक सेंटिमीटर टोक कापतात, आठवड्यात भरून येतं. ही खूण नसेल तर पुढच्या वर्षी कोणीतरी त्याच भाटीला पकडून पुन्हा पोट उघडायला नेईल.

बोक्याचं ऑपरेशन स्वस्त पडतं, कारण पोट उघडावं लागत नाही. पाच-सहा मांजरं एकदम आणणार असं सांगितलं तर दरही कमी होतो. विचारायला लाजू नका.

६. कागद आणि सामान

कागद:
- गल्लीचं सह्यांचं पत्र (झेरॉक्स जवळ ठेवा, पकडताना कोणी अडवलं तर कामी येतं)
- महापालिकेच्या अर्जाची पोच
- तुमच्या आधार कार्डाची झेरॉक्स, डॉक्टरांच्या संमतीपत्रासाठी
- मांजरांची वही आणि फोटो
- वर्गणीचा हिशोब

सामान:
- मांजर पकडायचा झडपेचा पिंजरा, शक्यतो दोन. कुत्र्या-मांजरांचं काम करणाऱ्या मंडळींकडून उसना मिळतो, नाहीतर फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. जाळी बारीक असावी, मोठ्या भोकातून पंजा बाहेर येतो.
- पिंजरा पूर्ण झाकेल अशी जुनी चादर
- वर्तमानपत्रं, जाड हातमोजे, मोठा टॉवेल
- सुके बोंबील किंवा तळलेला मासा

७. पकडण्याची रात्र

पिंजरा आणला आणि त्याच रात्री लावला, असं करू नका. तीन-चार दिवस आधीपासून झडप वर बांधून तो खायच्या जागी नुसता ठेवा आणि ताटली त्यातच ठेवा. पहिल्या दिवशी मांजरं लांबून बघतात, दुसऱ्या दिवशी अर्धं अंग आत घालतात, मग बिनधास्त आत बसून खातात.

डॉक्टरांची वेळ सकाळची घ्या आणि आदल्या रात्री पकडा. त्या दिवशी कोणीही काहीही खायला घालायचं नाही. गल्लीच्या ग्रुपवर सकाळीच टाका, कारण नेमकी एखादी वहिनी दयेपोटी दूध-पोळी घालते आणि पोट भरलेलं मांजर पिंजऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

रात्री रहदारी थांबली की पिंजरा भिंतीला लागून, सपाट जागी लावा. डगमगला की मांजर माघारी फिरतं. तळाशी वर्तमानपत्र घाला, जाळीवर पाय ठेवायला त्यांना आवडत नाही. बोंबलाचा मोठा तुकडा पायपट्टीच्या (जिच्यावर पाय पडला की झडप पडते ती) मागे, पार शेवटी ठेवा आणि दारापासून तिथपर्यंत चिमूटभर चुरा टाकत जा. मग लांब जाऊन बसा. मोबाईलचा उजेड बंद करा.

मांजर दारात थांबतं, मान आत, मागचे पाय बाहेर. चुरा संपला की एक पाऊल पुढे टाकतं आणि पुन्हा थांबतं. इथे सगळ्यांचा धीर सुटतो. हलू नका. पट्टीवर पाय पडला की झडप पडते आणि पुढच्या क्षणी मांजर जाळीवर अंग आपटायला लागतं, नाक खरचटून घेतं. त्या क्षणी धावत जाऊन चादर टाका, पूर्ण पिंजरा झाका. अंधार झाला की अर्ध्या मिनिटात ते गप्प होतं. चादर उचलून "बघू तरी कोणतं सापडलं" करायचं नाही. ओळख पटवायला एक कोपरा पुरे.

लावलेला पिंजरा सोडून घरी झोपायला जाऊ नका. कुत्री येतात, टवाळ पोरं येतात.

सापडलेलं मांजर त्याच पिंजऱ्यात, झाकून, शांत खोलीत रात्रभर ठेवा. भुलीआधी मोठ्या मांजराचं पोट आठ ते बारा तास रिकामं हवं, पिल्लाला मात्र इतका वेळ उपाशी ठेवायचं नसतं. नेमकी वेळ डॉक्टरांकडून घ्या. सकाळी न्यायला रिक्षा आदल्या दिवशीच ठरवा आणि रिक्षावाल्याला मांजर आहे हे सांगा. काहींना मांजर आडवं गेलेलं चालत नाही, मग शेजारी बसलेलं कसं चालेल!

वहीत पाजणारी अशी खूण केलेली भाटी सापडली तर? पिल्लं चार-पाच आठवड्यांची होऊन स्वतः खायला लागेपर्यंत तिला सोडून द्या. नंतर केलीत तर डॉक्टरांना ती पाजते आहे हे सांगा आणि ते परवानगी देतील तितक्या लवकर परत सोडा. ऑपरेशननंतरही दूध येतं, पिल्लं उपाशी राहत नाहीत.

८. ऑपरेशन झाल्यावर

घरी आणलेलं मांजर डोळे उघडे ठेवून निपचित पडलेलं असतं. घाबरू नका, भुलीच्या काही औषधांमध्ये डोळे मिटत नाहीत. भुलीने अंग थंड पडतं, म्हणून बाटलीत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याला टेकवून ठेवा. उन्हाळ्यात उलट काळजी: पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. पूर्ण शुद्धीवर आलं, धड उभं राहिलं की संध्याकाळी थोडंसं खाणं द्या.

बोका दुसऱ्या दिवशी सोडता येतो. भाटीला दोन ते चार दिवस, डॉक्टर सांगतील तसं ठेवा. जखमेतून रक्त ठिबकतंय, टाके उघडलेत, हिरड्या पांढऱ्याफटक आहेत किंवा दुसऱ्या सकाळीही उठत नाही, तर फोन नको, थेट दवाखाना.

ताप, दुखणं वाटलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेते. कुत्र्यांच्या गोचिडांचं पर्मेथ्रिन असलेलं औषधही मांजराला विषच आहे.

सोडायचं ते जिथे पकडलं तिथेच, पहाटे, दाराचं तोंड रस्त्याच्या विरुद्ध बाजूला करून. बोक्यांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा: ऑपरेशननंतरही काही आठवडे तो पिल्लं करू शकतो. "डॉक्टरांनी फसवलं" म्हणून भांडायला जाऊ नका.

९. पिल्लं सापडली तर

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतातच. त्यामुळे कोपऱ्यात एकटी दिसलेली पिल्लं टाकलेली नसतात, बहुतेक वेळा आई दुसरी जागा बघायला नाहीतर खायला गेलेली असते. पिल्लं उबदार आणि शांत असतील तर लांबून काही तास लक्ष ठेवा. आईपेक्षा चांगलं तुम्ही सांभाळू शकत नाही.

आई खरंच गेली असेल तर गाईचं दूध नको, पिल्लांसाठीची दूध पावडर आणा. पाजताना पिल्लू पालथं, पोटावर ठेवा, बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं.

माणसाची सवय लावायची तर दोन ते सात आठवड्यांचं वय उत्तम. त्यानंतर जमतं, पण फार वेळ जातो. दत्तक देताना घेणाऱ्याचा पत्ता आणि नसबंदी करून घेईन असं लेखी घ्या. जमलं तर नसबंदी करूनच द्या.

१०. उरलेल्या तक्रारी

नसबंदीनंतर रात्रीचं रडणं, बोक्यांच्या मारामाऱ्या आणि भिंतीवरच्या मुताचा उग्र वास बराच कमी होतो. कुंड्या आणि गाड्या मात्र उरतात.

कुंडीतली माती सुटी आणि कोरडी असते म्हणून मांजर तिथे शी करायला बसतं. मातीवर चपटे दगड रचा किंवा बोरीच्या काट्या आडव्या घाला. बांधकामाच्या वाळूचा ढीग ताडपत्रीने झाका आणि त्यातली दोन घमेली वाळू एका कोपऱ्यात मांजरांसाठी ठेवा. ती रोज साफ करा: टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचे जंतू विष्ठेत पडल्यावर एक ते पाच दिवसांनी लागण करण्याजोगे होतात, त्यामुळे रोज उचललं तर धोका फार कमी. गरोदर बाईने हे काम करायचं नाही. गाडीच्या सीटला कव्हर, त्याला दुसरा उपाय नाही. थंडीत चारचाकी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा, आत मांजर ऊब घेत बसलेलं असतं.

डांबरगोळ्या टाकू नका. काळं फिनाईल तर नकोच. मांजर पंजे चाटतं, आणि त्यातली द्रव्यं त्याच्या यकृताला पचवता येत नाहीत. वास धुवायला साबणाचं पाणी आणि व्हिनेगर पुरतं.

११. चावलं किंवा ओरखडलं तर

मांजरालाही रेबीज होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. आपण हळदीच्या गावचे, हात आपोआप डब्याकडे जातो, पण हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. त्याच दिवशी सिव्हिलला जा. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत असते. त्वचेत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी सुया असतात, एकही चुकवू नका. मांजराचे दात बारीक आणि खोल जातात. वरून छोटी दिसणारी जखम दुसऱ्या दिवशी सुजते, म्हणून धनुर्वात आणि अँटिबायोटिकबद्दलही विचारा.

१२. पावसाळा

आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. हे आकडे मांजरांच्या कामातही लक्षात ठेवा. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर अशा भागात जुलै-ऑगस्टमध्ये तळमजल्यावर मांजर पिंजऱ्यात ठेवायचं नाही आणि ऑपरेशनची तारीखही घ्यायची नाही. २०१९ आणि २०२१ ला पाणी किती भरभर चढलं ते सगळ्यांनी पाहिलंय. घर सोडावं लागलं तर जिन्याचं आणि गच्चीचं दार उघडं ठेवा, वरच्या मजल्यावर कोरडं खाणं पसरून ठेवा. मोकळं मांजर पत्र्यावर, झाडावर चढून जगतं.

१३. पुढे

वही बंद करू नका. महिन्यातून एकदा खायच्या वेळी उभं राहून कान बघा. टोक न कापलेलं नवं मांजर दिसलं तर आधी ते कोणाचं पाळलेलं आहे का विचारा: गळ्यात कागदाची सैल पट्टी घालून त्यावर "हे मांजर तुमचं आहे का?" आणि एक फोन नंबर लिहिला की दोन दिवसांत उत्तर मिळतं. अर्थात हात लावू देणारं असेल तरच. उत्तर नाही आलं तर पिंजरा मागवा. रेबीजच्या पुढच्या डोसबद्दल डॉक्टरांना विचारून तारीख वहीत लिहा. जी मांजरं पुन्हा सापडतील त्यांना द्या, न सापडलेलं एकही मांजर गल्लीभर पळवत बसू नका.